भिंतीकडे पाहणारी विमलमावशी

आमच्या शेजारची विमलमावशी मुलगी पाहायला गेली की मुलीकडे पाहायचीच नाही. पोह्यांची बशी मांडीवर घेऊन ती आधी छताकडे पाहायची, मग खिडकीकडे, मग टीव्हीच्या फळीकडे, आणि शेवटी "हात धुवून येते" म्हणत सरळ स्वयंपाकघरात शिरायची. तिथून परतायला तिला पाऊण तास लागायचा. तोवर मुलगी आपलं शिक्षण आणि आवडीनिवडी सांगून आत गेलेली असायची. येताना जीपमध्ये कोणीतरी विचारायचं, मावशी, मुलगी कशी वाटली? "पोरगी चांगलीच हाये," मावशी म्हणायची, "पन खिडकीले साडीचे काठ कसे लावले होते, ते पाह्यले का तुमी?" ते कोणीच पाहिलेले नसायचे.

ती अंगणवाडीत शिकवायची. नवरा किसनकाका रेल्वेत गँगमन होता. नांदुऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं दोन खोल्यांचं घर, आणि या दोन खोल्या सजवायच्या म्हणजे मावशीला तहानभूक सुचायची नाही. आता सजवायचं तर काहीतरी सुचायला हवं. माझी भाची तिला मोबाइलवर मोठमोठ्या घरांचे फोटो दाखवायची. मावशी दोन-तीन पाहायची आणि फोन परत द्यायची. "या घरात चपला कुठी सोडतात?" ती विचारायची. "ओला टॉवेल कुठी वाळू घालतात? इथं कोनी राहत नाही बापा. आपल्याले राहाचं हाये." तिला माणसांनी वापरलेलं घर पाहायचं असायचं. आणि परक्याच्या घरात ओळखपाळख नसताना थेट आतपर्यंत जायचं, वर चहापोहे खायचे, अशी सोय मुलगी पाहण्याखेरीज दुसऱ्या कशात आहे सांगा!

त्यामुळे तिच्या घरातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या न जमलेल्या किंवा जमलेल्या लग्नातून आली होती. वस्तू नव्हे, कल्पना. धाड गावच्या एका घरात तिने पुरणाच्या जुन्या चाळणीत बल्ब लावलेला पाहिला. आठवड्याभरात हिच्या खोलीतही छतावर भोकाभोकांचा उजेड पडला. मलकापूरच्या घरातली जिन्यासारखी फळी तिने खोक्यांच्या लाकडातून उभी केली. पुढे पुढे त्या वस्तूंना गावांचीच नावं पडली. काका चष्मा शोधायला लागले की मावशी आतून ओरडायची, "मलकापूरवर हाये!" आणि किल्ल्या धाडखाली लटकलेल्या असायच्या. नवीन पाहुणा बिचारा गोंधळून जायचा.

किसनकाका गरीब माणूस. ड्यूटीवरून दमून यायचे आणि सवयीने खाटेवर बसायला जायचे, तर तिथे खाट नसायची. दोनदा ते जमिनीवर आपटले. "आमची गाडी रोज एकाच रुळावरून जाते," ते मला म्हणाले होते, "पन माह्या खाटीचा काही भरोसा नाही." तरी मावशीने विचारलं, कसं दिसतं, की ते मान डोलवायचे. पाहायचे मात्र नाहीत.

एवढं असूनही लोक मावशीला आग्रहाने सोबत न्यायचे. बाकीच्या बायका परत येऊन मुलीच्या नाकाचा, दातांचा, रंगाचा पंचनामा करत. मावशीने आजवर एकाही मुलीला नाव ठेवलेलं नव्हतं. ती असली की लग्न पटकन जमतं, असा गल्लीचा समज झाला होता. त्याच समजापायी माझ्या आईने माझ्या वेळी तिला बोलावलं.

माझं मेडिकलचं दुकान तेव्हा नुकतंच मार्गी लागलं होतं. पहिल्या पाच ठिकाणी मावशी काय करते याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मी स्वतः तरी काय करत होतो? पोहे खात होतो. सहावं स्थळ वडनेर भोलजीचं निघालं. दिवाळी होऊन गेली होती. मुलीचं नाव सुजाता. जयभीम झाला, पाणी झालं, ती ट्रे घेऊन आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. काही विचारायचं आहे का, असं तिच्या वडिलांनी तिला म्हटलं, तेव्हा ती मला म्हणाली, "दिवसभर दुकानात उभं राहून पाय दुखत असतील ना?" माझ्या शिक्षणाची, कमाईची चौकशी पाच घरांनी केली होती. पायांची कोणीच केली नव्हती. मी तिथल्या तिथे गारद झालो. करायचं तर हिच्याशीच, हे मी मनाशी पक्कं केलं.

नेमकं तेव्हाच मावशी उठली. सुजाताच्या मागच्या भिंतीवर एक भलामोठा पट्टा होता. खाली हिरवट, वर तपकिरी कडा, मध्ये रंगाचे फुगे आलेले. मावशीचे डोळे त्यावर खिळले होते. "जरा बाजूले सरक वं बाई," ती सुजाताला म्हणाली. सुजाता खुर्चीसकट सरकली. मावशीने भिंत वितीने मोजली, नखाने खरवडली, बोट नाकाशी नेऊन वास घेतला. आमच्या सगळ्यांच्या माना आपोआप भिंतीकडे वळल्या. माझी आई मला कोपराने ढोसत होती, तिला आवर म्हणून. पण मी कसा आवरणार?

"हे कोनाच्या हातचं काम हाये?" मावशीने विचारलं.

सुजाताचे वडील तायडेकाका मोजकं बोलणारे शेतकरी. त्यांचा चेहरा लाल झाला. कोणाच्या हातचं नाही, एवढंच ते म्हणाले. मावशी ऐकते होय? किती दिवस लागले, म्हणाली. तायडेकाका चहाच्या कपात पाहत दातांवर दात ठेवून म्हणाले, "तीन पावसाळे." मावशीने गालावर हात ठेवला. एका भिंतीसाठी तीन पावसाळे! जीपमध्ये ती नांदुऱ्यापर्यंत त्या माणसाच्या चिकाटीचं कौतुक करत होती. मी सुजाताच्या विचारात होतो, म्हणून माझंही नीट लक्ष नव्हतं. नाहीतर तिथेच कपाळाला हात लावला असता.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. तायडेकाकांचा नकार होता. आमच्या घरात ओल आहे हे आम्हाला ठाऊक आहे, पण चारचौघांत भिंत खरवडून आमची इज्जत काढणाऱ्यांच्या घरी आम्ही मुलगी देत नाही, असा निरोप. आई रडायला लागली. मी दुकान तसंच उघडं टाकून मावशीकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाट्टेल ते बोलायचं ठरवून गेलो होतो.

मावशी स्टुलावर उभी होती. समोरच्या भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीच्या शेजारी, वडनेरचा तो पट्टा जसाच्या तसा उतरत होता. चहाच्या चोथ्याने तपकिरी कडा काढली होती, चुन्यात नीळ आणि पिवळी माती कालवून हिरवट केलं होतं, आणि फुगे यावेत म्हणून ती गव्हाच्या खळीचे थेंब लावून त्यांवर फुंकर मारत होती. काका खाली बादली धरून उभे.

"मावशी, ती डिझाइन नाही! ती ओल आहे, ओल! आणि त्या ओलीपायी माझं लग्न मोडलं!" मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. माझा आवाज चिरकला, डोळ्यांत पाणीही आलं, लाज कशाची.

मावशी स्टुलावरून उतरली आणि खाटेवर बसली. खाट होती त्या दिवशी जागेवर. मग म्हणाली, "त्या मानसाले वाटलं असन, मी त्याच्या घराले हसून राह्यली." लग्न मोडल्यापेक्षाही तिला तेच जास्त लागलं होतं. ती उठली, हाताला चुना तसाच, आणि वडनेरच्या जीपमध्ये जाऊन बसली. एकटी. मला येऊ दिलं नाही.

तिथे काय झालं ते नंतर कळलं. तायडेकाका दारातच आडवे उभे राहिले. मावशीने माफी मागितली, त्यांना ती खरी वाटेना. तेव्हा ती म्हणाली, पोरगी देऊ नका, पण माझी भिंत एकदा पाहून जा, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. चुन्याने माखलेले हात जोडून ती उन्हात उभीच राहिली. शेवटी सुजाताच बापाला म्हणाली, जाऊन तर या.

तायडेकाका दुपारच्या जीपने मावशीसोबत आले. मी, आई, किसनकाका, सगळे श्वास धरून उभे. ते भिंतीसमोर गेले. मागे सरकले. पुन्हा जवळ गेले. बोट लावून पाहिलं, वास घेतला. चहाचा आला असणार.

"इथं चुकलं तुमचं," ते गंभीरपणे म्हणाले. "आमच्याकडं या कोपऱ्यात पापडी सुटेल हाये."

मावशीने लगेच विचारलं, केवढी? त्यांनी हाताने दाखवली. आणि मग त्या मोजक्या बोलणाऱ्या माणसाला असं हसू फुटलं, की काकांनी त्यांना धरून खाटेवर बसवलं. हसता हसता ते माझ्या आईला म्हणाले, तारीख काढा. त्यांनी आपली भिंत त्या वर्षी दुरुस्त केली. मावशीची मात्र तशीच राहिली, आणि अर्थातच तिचं नाव वडनेर पडलं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मावशी दोन वर्षांपूर्वी गेली. साधा ताप म्हणता म्हणता चार दिवसांत गेली. औषधं माझ्याच दुकानातली होती, तरी गेली. मी लहान पोरासारखा रडलो. एवढं चांगलं माणूस एवढ्या घाईने का जातं, याचा मला अजून राग येतो.

तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्या दुपारी सुजाता भांडी पुसत होती. मी सहज म्हणालो, मावशीने तुला त्या दिवशी पाहिलंच नव्हतं गं, माफी मागायला आली तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं असेल. सुजाता म्हणाली, मी तिला विचारलं होतं एकदा. मावशी काय म्हणाली ते तिने मला मावशीच्याच शब्दांत सांगितलं.

"मले नऊ जनांनी पाह्यलं होतं, सुजाता. एकानं अंगनात चालाले लावलं. एका बाईनं येनी सोडून केस ओढून पाह्यले, खरे हायेत का म्हनून. नवव्या खेपेले मी ठरवलं, आपल्यावर पाहाची पाळी आली तं कोनाच्या पोरीकडे असं पाहाचं नाही. मंग नजर ठेवाची कुठी? ठेवली भितीवर. पाहता पाहता नादच लागला."

शेजारच्या घरात काका एकटेच खोकत होते.

"पन त्या दिवशी लय बरं वाटलं मले," सुजाता म्हणाली. "तुमच्या आधी चौघं येऊन गेले होते. पहिल्यांदाच समदे भितीकडं पाहत होते, मह्याकडं कोनीच नाही. मंग मी आरामात तुमच्याकडं पाहून घेतलं. तुमच्या हनुवटीले पोहा चिकटेल होता. तरी हो म्हटलं."

मी उगाच हनुवटी पुसली.