सोललेली कोळंबी

शनिवार, ९ नोव्हेंबर. सिंकपाशी उभी राहून किलोभर कोळंबी सोलत होते. दुसऱ्या दिवशी नितीनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, जुनी सहकारी शर्वरी जेवायला येणार होती. लिंबाची साल किसली आणि त्या वासाने मला थेट हँबुर्गच्या स्वस्त थाई हॉटेलात नेऊन बसवलं.

अठरा वर्षं झाली असतील. तेव्हा आम्ही तिघं जर्मनीतच, डार्मश्टाटला राहायचो; तिथून फिरायला गेलो होतो. बाहेर रांग, आत मिरचीचा ठसका, टेबलावर सालीसकट कोळंबीचं वाफाळतं पातेलं. शर्वरी सदाशिव पेठेतली, कोळंबी पहिल्यांदाच खाणार.

"ई, हिला मिशा आहेत!"

नितीन हसत एकेक सोलून तिच्या ताटलीत ठेवायला लागला. मीही माझी ताटली पुढे सरकवली.

"तुला कशाला? तू तर मालवणची!"

दोघं हसले. मीही हसले आणि भराभर सोलून खाल्ली. शर्वरीच्या ताटलीतला तो गुलाबी ढीग मात्र डोळ्यांत सलत राहिला. आज कळतं, तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला येत नव्हतं, एवढंच. मला येत होतं, म्हणून इतकी वर्षं मीच सोलत आले. हेवा अजून तसाच आहे.

अर्धी कोळंबी न सोलता तशीच भांड्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली.

सकाळी नितीन कॉफी घेऊन बसल्यावर ते भांडं त्याच्यापुढे ठेवलं.

"हे काय? तुला येतं की!"

"येतं," म्हटलं आणि रिकामी ताटली घेऊन त्याच्यासमोर बसले.