वाडीतली सर्वोत्कृष्ट उद्योजिका

महाडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीला आमची वाडी दत्तक घ्यावीशी वाटली, तेव्हा वाडीला कुणी विचारलं नाही. दत्तक जाणाऱ्याला विचारायची पद्धत नसतेच. पोलादपूर सोडून घाटाकडे निघालं की रस्त्याच्या खाली जी तीस-चाळीस घरं दिसतात, ती आमची. त्या घरांतला मी पदवीधर आणि मुंबईतली नोकरी न टिकल्यामुळे रिकामा, म्हणून कंपनीनं मला समन्वयक नेमलं. समन्वयक म्हणजे साहेब बोलतील ते सगळं बायकांना सांगायचं आणि बायका बोलतील त्यातलं सोयीचं तेवढं साहेबांना.

पहिल्याच महिन्यात महाडला प्रशिक्षण झालं. गार हॉल, पडद्यावर एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं आणि विषय 'सामायिक मूल्यनिर्मिती व शाश्वत व्यवसाय'. कंपनीचा फायदा आणि गावाचा फायदा वेगळा नसतो, हे साहेबांनी दोन तास समजावलं. जेवायला मात्र दोन रांगा होत्या आणि पनीर त्यांच्या रांगेत होतं.

आमच्या बायका पोह्याचे पापड करतात. ते एकटीनं होत नाहीत. पीठ कुटायला दोघी, लाट्या करायला एक, लाटायला पाच-सहा, उन्हात घालायला आणि कावळे हाकायला उरलेल्या. म्हणून आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. ज्या दिवशी जिचं घर, त्या दिवशीचे सगळे पापड तिचे. बाकीच्यांना चहा आणि तेलात बुडवून खायला लाटी. हिशेब तोंडी, पण कुणी कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

कंपनीनं या चौदा बायकांचा गट केला, पॅकिंगचं मशीन दिलं, पापड शहरात पाठवायला सुरुवात केली; पण ही पद्धत कंपनीच्या मॅडमना माहीत नव्हती. त्या पुण्याच्या, मनानं चांगल्या, पण त्यांच्या तक्त्यात प्रत्येक बाईसमोर रोजचा आकडा लागायचा. मी बायकांना विचारलं, आज कोणाचे किती? त्या म्हणाल्या, आज हिचे सगळे. मी तसंच लिहिलं. तक्ता बघून मॅडम थक्क. रोज एकच बाई वाडीभराचे पापड लाटते आणि बाकीच्यांचा भोपळा! त्यांनी त्यावर अभ्यास केला. निष्कर्ष काढला की या भागात कामाचा उत्साह लाटेसारखा येतो. लाटीमध्ये किती पीठ वाया जातं, तेही त्यांनी एका रकान्यात घातलं. मार्चमध्ये अख्खी वाडी चवदार तळ्यावर गेली, त्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'सामूहिक निरुत्साह'.

मी हे दुरुस्त करू शकलो असतो. पण मॅडम खूश होत्या आणि घोड्याला गवताशी दोस्ती परवडत नाही.

मग माझी काकी बांधावरून पडली. उजवं मनगट मोडलं. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, काकीचं पोट या पापडांवर. आणि कंपनीचा नियम असा, की सहा आठवडे जिचा आकडा शून्य, तिचं नाव यादीतून कमी. मी नियम बायकांना वाचून दाखवला. बायकांचा पुढारीपणा करणारी शेजारीण म्हणाली, "मंग त्याच्यात काय हाय? एक दिस हिच्या घरी, एक दिस दुसरीच्या. हात मोडलाय, औषदपानी नको काय तिला?"

म्हणजे एक दिवसाआड काकीचा. ती प्लास्टर गळ्यात अडकवून ओट्यावर बसायची आणि डाव्या हातानं कावळे हाकायची. मी तक्ता भरत गेलो. काकीचं नाव राहिलं याचा मला खरोखर आनंद होता, आणि तो आनंद इतका होता की तक्त्यात काय उगवतंय तिकडे माझं लक्षच नव्हतं.

उगवलं ते हे, की साऱ्या जिल्ह्यातल्या गटांत काकी पहिली आली. 'सर्वोत्कृष्ट उद्योजिका'.

आता खरं सांगावं तर काकीचं नाव जाणार. न सांगावं तर तिला महाडला स्टेजवर न्यायचं. मी दुसरा मार्ग धरला, कारण त्यात मला आज काही करायचं नव्हतं. काकीला बजावलं, "फक्त नमस्कार कर आणि खाली ये."

प्लास्टर निघालं होतं, पण मनगटाला पट्टी होती. मोठ्या साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, फोटोसाठी पोळपाट-लाटणं पुढे केलं आणि माइक धरून विचारलं, "ताई, एवढं काम तुम्ही एकट्या कसं करता?"

काकीनं लाटण्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. "साहेब, मी काय लाटलेला नाय. माजा हात मोडला ना, म्हनून ह्या बायांनी माज्यासाटी लाटला. शाल त्यांना द्या, नायतर शाल एक नि आमी चौदा, कशी वाटनार?"

हॉल हसला. मागे बसलेल्या आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे, आणि मी पडद्यावरच्या तीन वर्तुळांकडे.

आठ दिवसांत पत्र आलं. नोंदी खोट्या, म्हणून काकीचं नाव रद्द. गटानं तसा ठराव करावा, नाहीतर गटच रद्द. बायकांनी ठराव केला नाही. पॅकिंगचं मशीन टेम्पोत चढलं तेव्हा त्यांनी ते चढवायला हातही लावला. शहरातली मागणी गेली. पापड पुन्हा पोलादपूरच्या स्टँडवर पाटीतून विकावे लागले, मिळेल त्या भावाला. काकीला तेवढ्यात भागवावं लागतं आणि भागत नाही, हे मला रोज दिसतं.

कंपनीनं मला मात्र काढलं नाही. 'या अनुभवातून काय शिकलो' यावर अहवाल मागवला. मी घरी बसून लिहीत होतो. 'सदर वस्तीत एकमेकांसोबत मूल्य वाटून घेण्याची संकल्पना अद्याप रुजलेली नाही,' एवढं लिहून झालं आणि काकी दारात आली.

"काय लिवतोस रे एवढा?"

"ऑफिसचं."

"आमच्यावर हाय?"

"हाय."

"मंग चांगला लिव हां. ती मॅडम पोरगी बरी हाय, माज्यापायी तिला बोलनी नको बसायला."

लाजेनं माझी मान वर होईना. ती गेल्यावर मी ते वाक्य तीनदा वाचलं. खोडलं नाही. अहवाल वरच्यांना आवडला आणि माझा करार वाढला.