सवतीच्या गळ्यातली राणी

या मंडळी, सरका असे जवळ. बुवा अजून फेटा बांधतायत, कीर्तन उभं राहायला अवकाश आहे. तोवर हरणगडच्या दोन राण्यांची गोष्ट ऐका, ऐकल्याचं चीज होईल.

थोरल्या गजराबाईसाहेबांना दागिन्यांचा सोस असा, की आरतीलाही नजर देवीच्या नथीवर. त्या अहेवपणी गेल्या आणि धाकट्या वेणूबाईसाहेब लग्न होऊन आल्या. रीतीप्रमाणे त्यांच्या गळ्यात सवतीचा टाक आला, म्हणजे गेलेल्या थोरलीची इवलीशी सोन्याची मूर्त. कुठलाही दागिना आधी तिला टेकवायचा, मग आपण ल्यायचा. जन्मभर उष्टं सोनं! पुढे महाराज गेले, संस्थान गेलं, दागिन्यांच्या पेट्या एकेक करून विकल्या. त्या दिवशी शेवटची पेटी जायची, आणि वेणूबाईंनी सराफाला निरोप धाडलाय, टाकही न्या. ती सवत मुशीत एकदा वितळली की मी सुटले.

जेवण होऊन त्या जरा लवंडतात. डोळा लागतो न लागतो तो पायाशी कुणीतरी बसतं.

"माझी चिंचपेटी कुठंय गं?"

थोरलीच्या तसबिरीतलाच चेहरा. वेणूबाई उशीवर कोपर टेकतात. "विकली."

"आणि तन्मणी?"

"तोही." सांगताना जीभ गोड होते.

"कुणी घेतला? मान उंच आहे का तिची?" लेक दिल्या घरी नीट नांदते का, असं विचारावं तसा थोरलीचा स्वर.

पलंगाखाली पाणी झुळझुळतं. दोघी तळ्याच्या पायऱ्यांवर आहेत. एक पायरी उतरावी तर सराफाची पेढी; अनोळखी बायका तेच दागिने घालून आरशात बघतायत, आणि आरशात प्रत्येकीच्या जागी थोरलीच. वेणूबाई तोंड फिरवतात. इथंही हीच!

"महाराजांचं नाही विचारलंत?"

"त्यांचं काय विचारायचं? रोज भेटतात की."

वेणूबाईंच्या अंगाची लाही होते. "म्हणजे तिकडेही तुम्हीच पहिल्या!"

"कसली पहिली, डोंबल! उठल्यासुटल्या 'वेणू, पाणी. वेणू, पान.' कितीदा सांगितलं, अहो मी गजरा. हूं म्हणतात, आणि पुन्हा वेणू."

"इथं मला उभा जन्म गजरा म्हणाले. लग्नाच्या रात्रीसुद्धा."

"खरं?"

"देवीची आण."

क्षणभर दोघी एकमेकींकडे खाऊ की गिळू बघतात. मग थोरलीलाच आधी हसू फुटतं. "समोर बसलेली बाई या माणसाला कधी दिसलीच नाही गं!"

वेणूबाईही हसतात, पदरानं डोळे पुसतात. "पण तुमचा हेवा केला, तो केलाच मी."

"आणि मी नाही? दागिना टेकवायचीस आणि काढून घ्यायचीस. मला गळा कुठं होता? तुझ्या गळ्यात बसून बघायची नुसती, तुला काय काय शोभतंय ते." थोरली आपल्या कानातली मोत्याची बुगडी सोडवते. "एवढीच राहिली तुझ्या अंगावर चढायची. वरचा कान टोचलेला नाही ना? कर इकडे."

"दुखेल हो, अक्कासाहेब!"

अक्कासाहेब. हे नातं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघतं.

"दुखू दे. ओरडायचं नाही."

"बाईसाहेब, सराफ आलेत," दासी दारातून हाक मारते.

वेणूबाई डोळे चोळत उठतात, पेटी पुढे सरकवतात. सराफ अदबीनं गळ्याकडे बघतो. "हा टाकही द्यायचा म्हणाला होतात..."

"घरचं माणूस विकतात का हो?"

सराफ पेटी उचलतो. दासी मात्र पुढे वाकून बघते. "अगंबाई, कानाला काय लागलं?"

वेणूबाई बोट लावतात. कानाच्या वरच्या कडेला बारीकसं भोक, आणि बोटावर रक्ताचा ताजा थेंब.

तर मंडळी, मृदंगावर थाप पडली, बुवा उभे राहिले. पण हात जोडाल तेव्हा एकदा गजराबाईसाहेबांना मनात आणा. त्यांच्या पोटी कुणी नव्हतं. आठवण काढणारी एक सवत होती तेवढी, तीही आता राहिली नाही.