शेजारच्या सीटवरून पाहिलेली मालिका

जव्हारहून मोखाड्याला जाताना मी एसटीत मोबाइलवर अंतराळातली एक हिंदी मालिका बघत होते; तिच्यात यानातल्या माणसांचं वय जमिनीवरच्यांपेक्षा हळू वाढायचं. गालावर तीळ असलेल्या हरवलेल्या मुलीला यानातून शोधणारा बाप एका प्रसंगात भाजलेल्या हातानिशी मेला आणि पुढच्यात मजेत चहा पीत बसला. वैतागून मी मोबाइल बंद करायला गेले, तर शेजारच्या म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"अगं बाय, हा आधीचा हाय. हात भाजलेला कुठंय त्याचा?"

मग वाटभर तीच बोट दाखवून सांगत राहिली, हे आधीचं, हे नंतरचं.

उतरताना तिनं विचारलं, "पोरगी भेटंल ना त्याला?"

"पुढच्या भागात कळेल, आजी."

"मागच्यात बघ. भेटून गेली असंल."

घरी मागचा भाग पुन्हा लावला. त्याच्या भाजलेल्या हाताला फडकं बांधणारी पिकल्या केसांची बाई, गालावर तोच तीळ असलेली, त्याची मुलगीच होती.