सबिशिकुनाई

परवा वैशाली नगरच्या घरी नात मोबाईलवर जपानी शिकत होती. 'सबिशी'पाशी ती अडखळली, तेव्हा पुढची रूपं मीच सांगितली.

"आजोबा, तुमाले कसं माहीत?"

रशियनांच्या मदतीनं इथला पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा मी तिथं ड्राफ्ट्समन होतो. क्वार्टर मिळालं नव्हतं, म्हणून बायको-मुलगी भंडाऱ्यालाच होत्या. रशियनांच्या गर्दीत यंत्र बसवायला आलेला एकच जपानी इंजिनिअर होता. कँटीनमध्ये आम्ही एकाच टेबलावर जेवायचो. एकदा मी म्हणालो, "यहाँ मन नहीं लगता." तेव्हा त्यानं माझ्याकडून घोकून घेतलं: सबिशी म्हणजे एकटं वाटतं, सबिशिकत्ता म्हणजे वाटलं होतं, सबिशिकुनाई म्हणजे वाटत नाही.

काम संपल्यावर त्याला सोडायला मी दुर्ग स्टेशनवर गेलो. डब्याच्या दारात उभं राहून त्यानं विचारलं, "अब आप... सबिशी?"

"सबिशिकुनाई," मी हसून म्हणालो.

तो कमरेत वाकला आणि आत जाऊन बसला. गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती. तेव्हा वाटलं, बरं झालं, त्याला काळजी नको. आता वाटतं, खरं सांगितलं असतं तर तेवढी दहा मिनिटं तो दारातच थांबला असता.