मी सुनेला दिलेलं नाव

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. दुकानदारानं मोजून दिलेले नारळही मी घरी येऊन पुन्हा मोजते. चिंचवडच्या मोरयाला दर संकष्टीला जाते, पण तिथंही अर्धं लक्ष बाहेर काढलेल्या चपलांकडे. अशा बाईच्या घरात पोलंडची सून आली. मुलगा चाकणच्या एका कंपनीत आहे. मागदा तिथं कामासाठी आली होती, दोघांचं जमलं आणि वर्षभरात लग्न झालं. मुलगी गुणी होती, थेरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत कुरकुर न करता राहिली, मराठीही शिकली. तरी ही इथं टिकायची नाही, हा किडा माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून वळवळत होता.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवरा ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहितो. मी गायत्री हे नाव निवडलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं, पण लग्नाच्या दाखल्यावरही गायत्रीच हवं, असा हट्ट धरून बसले. जुनं नाव राहिलं तर तिचा एक पाय तिकडेच राहील, असं मला वाटे. मुलानं नको नको म्हणत शेवटी ऐकलं. तीन वर्षांनी तिनं इथं कायम राहता यावं म्हणून ओसीआय कार्डासाठी अर्ज केला, तो परत आला. पासपोर्टवर मागदालेना, दाखल्यावर गायत्री. या दोघी एकच, याचा पुरावा द्या म्हणाले. व्हिसा संपायला पाच आठवडे उरले होते. पुरावा मिळाला नाही तर तिला देश सोडावा लागणार होता, आणि माझ्या दोन वर्षांच्या नातीला ती मागं थोडीच ठेवणार होती?

खरं सांगते, तेव्हाही मी स्वतःला दोष दिला नाही. मागदा रोज संध्याकाळी आईशी फोनवर बोलायची. मला एक अक्षर कळायचं नाही. ती हसली की वाटायचं, हिला जायचंच आहे, अर्ज परत आला हे हिच्या पथ्यावरच पडलं. त्या संकष्टीला मोरयासमोर उभी राहून म्हणाले, "हिला इथंच बांधून ठेव." म्हणाले खरी, पण तो ऐकतोय की नाही याचीही मला शंकाच होती.

दुसऱ्या दिवशी मुलाला रजा मिळेना, म्हणून नातीला शेजारी ठेवून आम्ही दोघीच लग्न जिथं नोंदवलं होतं त्या ऑफिसात गेलो. बाकावर शेजारी पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे गृहस्थ आपला नंबर यायची वाट बघत बसले होते. आमचं बोलणं ऐकून म्हणाले, "ताई, लग्नाचा मूळ अर्ज काढला का? त्यात लग्नाआधीचं नाव बी असतंय. मी हितंच शिपाई व्हतो." मला हा आगाऊपणा वाटला. फुकट कोण कुणासाठी धावतं? पण मागदानं त्यांना सगळं सांगितलं आणि मी डोळे वटारत असताना पासपोर्ट आणि दाखला त्यांच्या हातात दिला. "रेकॉर्डची खिडकी एकला बंद व्हतीया. तुमी बसा," म्हणून ते जिना चढूनही गेले.

अर्धा तास झाला तरी त्यांचा पत्ता नाही. पासपोर्ट गेला, असं माझ्या मनानं घेतलं. मी मागदाला नको ते बोलले. "जायचंच असेल तर सरळ सांग, ही नाटकं कशाला?" ती रडली नाही. शांतपणे म्हणाली, "आई, मला इथं राहायचंय. तुम्हीच मला रोज पाहुणी करता." तिच्यासमोरून उठायचं म्हणून त्या गृहस्थांना शोधायला निघाले, तर ते जिन्यातच भेटले. "पासपोर्ट घेऊन कुठं गेला होतात?" म्हणत मी त्यांच्या हातातले कागद हिसकावले. चार माणसं वळून बघायला लागली. पासपोर्ट होता, दाखला होता, आणि सोबत मूळ अर्जाची सहीशिक्क्याची प्रत. त्यात मागदालेना आणि गायत्री, दोन्ही नावं एकाखाली एक, शेजारी तिचा फोटो.

तेवढ्यात खालच्या खिडकीतल्या बाईंनी त्यांना हाक मारली. "बाबा, दोनदा पुकारलं तुम्हाला. काकूंच्या मृत्यूचा दाखला आता सोमवारीच मिळेल."

मी कसंबसं म्हणाले, "आमच्यापायी तुमचा नंबर गेला."

"जाऊ द्या, ताई. माझ्या कारभारणीला आता कसली घाई न्हाई. तुमची सून ऱ्हायली पायजे."

मी तिथंच जिन्यात वाकून त्यांच्या पाया पडले. ते संकोचून निघून गेले. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

कार्ड मिळालं. त्यांना मोरयानं पाठवलं का, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मला एवढंच कळलं, की माझं मागणंच चुकलं होतं. माणूस बांधून ठेव असं देवाला सांगायचं नसतं, त्याच्यावर सोपवायचं असतं. संशय अजून येतो, नाही म्हणत नाही. पण आता तो आला की हात जोडते आणि गप्प बसते.

दिवाळीनंतर मागदा लेकीला घेऊन पोलंडला आईकडे गेली. मी बेसनाचे लाडू बांधून दिले. दारात नातीचा पापा घेतला, मनातल्या मनात हात जोडले. मागदा म्हणाली, "आई, परत कधी येणार ते विचारलं नाहीत."

मी म्हटलं, "घर तुझं आहे. येशील तेव्हा ये."