चारनंतरची बिअर

आल्प्समधल्या गाम्सएकच्या डोंगरावर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. खाली गावात बँकेच्या साहेबाला 'तुम्ही' म्हणायचं, पण तोच साहेब गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरच्या पाळण्यात बसून वर आला की तो 'तू'. झाडं संपतात तिथे 'तुम्ही'ही संपतं, असं टिरोलातली म्हातारी माणसं सांगतात. झेन्झीने तर वर कुणाला 'अहो' म्हटल्याचं कुणाच्याच आठवणीत नाही. एकदा कुणी मंत्री आले होते, त्यांनाही ती दारातच म्हणाली, "बूट झटकून ये रे." मंत्री मुकाट्याने बूट झटकून आत आले.

तिचं खरं नाव क्रेसेंझ, पण ते फक्त कागदोपत्री. वय एकसष्ट, बांधा ठेंगणा, गाल बारा महिने लाल. नवरा रोमेड गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून गोंडोलाच्या मधल्या स्टेशनाजवळचा लाकडी गुत्ता ती एकटीच चालवते. मदतीला इल्का नावाची एक हंगेरियन बाई, पस्तिशीची, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. दुपारी तीन वाजले की स्की करून दमलेली माणसं तिथे गोळा होतात, जड बुटांनी बाकांवर चढून गाणी म्हणतात, आणि पितात. रात्र व्हायची वाट डोंगरावर कुणी बघत नाही. इथली रात्र उजेडातच सुरू होते.

झेन्झी आसपासच्या तीन खोऱ्यांत प्रसिद्ध होती ती तिच्या बिअरच्या भावांमुळे. तिच्या गुत्त्यात चार वाजेपर्यंत बिअर सहा युरोंना मिळे, म्हणजे सगळीकडे मिळते तशीच. चार वाजले की झेन्झी स्टुलावर चढून फळा पुसायची आणि खडूने लिहायची, आठ. सव्वाचारला अकरा. साडेचारला पंधरा. पावणेपाचला वीस. श्नाप्स या कडक दारूचंही तेच. गावातली बाकीची दुकानं संध्याकाळी भाव उतरवून गिऱ्हाईक ओढत, आणि हिचा भाव उन्हाच्या उलटा चढत जाई. गावात तिला 'टॅक्सीचा मीटर' म्हणत.

"आज एकाने लिहिलंय," इल्का मोबाइल बघत तिला वाचून दाखवायची, "सूर्यास्त अप्रतिम, मालकीण लुटारू."

"सूर्यास्त अप्रतिम हे खरंय."

"दुसरा म्हणतो, आल्प्समधली सगळ्यात हावरट बाई."

"फोटो घातलाय का माझा?"

"घातलाय. वाईट आलाय."

"मग त्याला पुढच्या वेळी चारच्या आधीही वीसच लाव," झेन्झी म्हणायची आणि भांडी विसळायला घ्यायची.

खरी गंमत अशी की त्या मीटरमधून तिला चार पैसे जास्त कधी सुटलेच नाहीत. भाव अकरावर गेला की बाकं रिकामी होऊ लागत. पंधराला एखादं टेबल उरे. विसाला इल्का खुर्च्या उलट्या करून ठेवायची. झेन्झीला हवं होतं तेही नेमकं हेच.

गुत्त्याच्या खालचा उतार घराच्या छपरासारखा तिरपा आहे, म्हणून गावात त्याला छप्परच म्हणतात. दिवसभर माणसं त्यावरचं बर्फ उकरून ठेवतात. रात्री ते सारखं करायला यंत्र येतं, पट्ट्यांवर चालणारं, घराएवढं. पण छपरावर त्या यंत्राचाही पाय घसरतो. म्हणून वरच्या खांबाला पोलादी दोराचा आकडा अडकवायचा आणि दोर गुंडाळणाऱ्या विंचच्या आधाराने यंत्र खालीवर करायचं. दोर किलोमीटरभर लांब, करंगळीएवढा जाड. अंधारात तो दिसत नाही. कधी बर्फात निजलेला असतो, कधी ताण बसून एकाएकी छातीच्या उंचीला उभा राहतो. उतारावर पाट्या असतात, लाल दिवे असतात; पण चार ग्लास पोटात गेलेला माणूस पाटी वाचत नाही.

आणि ते यंत्र चालवतो कास्सियान, झेन्झीचा एकुलता एक मुलगा.

चार हिवाळ्यांपूर्वी बावीस वर्षांचा एक पाहुणा झेन्झीकडेच तीन श्नाप्स पिऊन अंधारात छपरावरून खाली गेला. दोराने त्याच्या हातातली स्कीची काठी तेवढी नेली. त्याला पत्ताही लागला नाही. हॉटेलात जाऊन तो झोपला. सकाळी कास्सियानने काठीचे दोन तुकडे आणून आईच्या टेबलावर ठेवले.

"दोन हात डावीकडे असता तर, आई?"

तिने कॉफी पुढे केली. त्याने ती घेतली नाही. तीन दिवस तो यंत्रात चढला नाही. बत्तीस वर्षांचा दांडगा बाप्या, पण खिडकीशी बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहायचा. पोराला काही होईल ही धास्ती कुठल्या आईला नसते? पण पोराच्या हातून दुसऱ्या कुणाच्या पोराला काही होईल, ही धास्ती निराळी. ती शेजारणीलाही सांगता येत नाही. झेन्झीने ते तुकडे चुलीमागे उभे करून ठेवले, जाता-येता दिसतील असे.

आधी तिने साडेचारला घंटा वाजवून पाहिली. शेवटची फेरी म्हणताच लोक एकदम तीन-तीन ग्लास मागवून बसत आणि सहापर्यंत पुरवत. गाणी बंद केली तर ते स्वतः गाऊ लागले. दार लावून घेतलं तर बाहेर बर्फात बाटल्या घेऊन उभे. तेव्हा तिने फळा आणि खडू घेतला. माणसाला हाकलून दिलं तर तो हट्टाला पेटतो, पण महाग वाटलं तर आपल्या पायांनी जातो, हे तिला दुकानदारीनेच शिकवलं होतं. फक्त पाणी, चहा आणि पावाच्या गोळ्यांचं सूप यांचे भाव तिने खडूने लिहिले नाहीत. ते फळ्याच्या तळाशी तैलरंगाने रंगवून घेतले. ते बदलायची सोयच नव्हती.

मग रोज माय-लेकांचा एक फोन. शेवटचा माणूस गेला की ती म्हणायची, "मोकळा." तो म्हणायचा, "बरं." त्यानंतरच आकडा खांबाला लागायचा.

कार्निव्हलच्या आठवड्यातल्या मंगळवारी ड्युसेलडॉर्फचे आठ जण आले. लोथार नावाच्या माणसाची पन्नाशी साजरी करत होते. लोथारचा बांधकामाचा धंदा होता, आवाजही बांधकामावरचाच. दुसऱ्या दिवशी छपरावर शाळेतल्या मुलांची शर्यत होती आणि संध्याकाळपासून बर्फ पडणार होतं, म्हणून कास्सियानला सव्वापाचला काम सुरू करायचंच होतं.

चारला झेन्झीने आठ लिहिलं. आठही जणांनी टाळ्या वाजवल्या. अकराला ग्लास आपटले. पंधराला लोथार बाकावर चढला.

"पंधरा एकवार, पंधरा दोनवार! झेन्झी, अजून एक फेरी आण."

"लोथार, खाली उतर. बाक रोमेडने केलाय, तुझ्या वजनाचा हिशेब त्यात धरलेला नाही."

इल्का ट्रे घेऊन तिच्याजवळ आली. "झेन्झी, हे लिलाव समजून बसलेत. आणि त्यांचं बघून शेजारचं टेबलही हलेना."

झेन्झीने फळा पुसला आणि एकदम चाळीस लिहिलं. शेजारचं टेबल उठलं, पण लोथारने पाकीट काढलं. "पन्नाशी रोज येत नाही. साठ झाले तरी आम्ही आहोत."

पाच वाजले. खिडकीबाहेर निळा अंधार उतरू लागला. फोन वाजला.

"आई, किती आहेत वर?"

"आठ."

"सव्वापाचला मला लावावंच लागेल. वरिष्ठ रेडिओवर ओरडतोय."

"लावशील. थांब."

तिची नजर चुलीमागच्या काठीवर गेली. मग फळ्याकडे. ज्याच्यावर भाव चालत नाही त्याच्यावर काय चालेल? तिने ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकत्या घेतल्या, आठ मोजल्या आणि प्रत्येकीवर 'झे' लिहिलं. फळ्यावरचा सगळा भाव पुसून टाकला आणि मोठ्ठं शून्य काढलं.

"आजचा शेवटचा श्नाप्स माझ्याकडून. फुकट. देवदाराच्या फळांचा, घरी केलेला, रोमेडच्या पद्धतीचा मसाला."

गुत्ता दणाणला.

"पण तो इथे नाही. खाली गोंडोलाच्या स्टेशनात माझ्या नणंदेचं काउंटर आहे, तिथे. ही चकती घ्यायची, गोंडोलावरच्या विन्सेंझकडून तिला भोक पाडून घ्यायचं. भोक नाही तर श्नाप्स नाही. शेवटचा पाळणा पाच-दहाला."

चाळीस युरोंचा ग्लास हसत हसत रिचवणारी माणसं साडेतीन युरोंच्या श्नाप्ससाठी अशी उठली की एकाचा हातमोजा टेबलावरच राहिला. लोथार सगळ्यांच्या पुढे. फुकट ते पौष्टिक; ते ड्युसेलडॉर्फलाही लागू पडतं. इल्का दारात हसून वाकडी झाली. "चार वर्षं उगाच खडू झिजवलास."

पाळण्याचा दिवा खाली सरकताना दिसला. झेन्झीने फोन लावला. "मोकळा."

"बरं."

तिने खुर्चीत बसून बूट काढले, तोच पुन्हा फोन. गोंडोलावरचा विन्सेंझ.

"काय गं, माझ्याकडे भोकं पाडायचं खातं उघडलंस का? सातही जण रांगेत उभे राहून गेले, अगदी शाळेतल्यासारखे."

"आठ."

"सात, झेन्झी. मी मोजून पाडली."

टेबलावर, विसरलेल्या हातमोज्याशेजारी एक चकती पडली होती. 'झे' लिहिलेली, बिनभोकाची.

तिने मुलाला फोन लावला. चार वर्षांत दिलेला शब्द तिने कधी परत घेतला नव्हता. "कास्सी, मोकळा नाही."

पलीकडची यंत्राची घरघर थांबली. "थांबलो. पण दोर लागलाय, आई. छपरावर पसरलाय."

ती मोजे घातलेल्या पायांनीच बाहेर पळाली. गुत्त्याच्या मागच्या अंगाला, उताराच्या कडेला, एक जाडसर माणूस शांतपणे स्कीचे खटके लावत होता. दुपारभर तो लोथारच्या टेबलाच्या टोकाला बसून सूप पीत होता. त्याला लोथारने काय हाक मारली होती ते तिला आठवेना. त्याने काठ्या रोवल्या, गुडघे वाकवले.

"अरे ए!" ती ओरडली. डोंगरावर दिवसभर कुणी ना कुणी 'अरे ए' करतच असतं. त्याने मागे पाहिलंही नाही.

"अहो!" झेन्झी सगळा जीव एकवटून म्हणाली. "अहो साहेब, तुम्ही! कृपा करून थांबा!"

तो थांबला. तीन दिवसांत त्याला वर कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. वळून त्याने टोपीला हात लावला. "मला म्हणताय?"

"चकती का नाही नेलीत?"

"मी पीत नाही. हृदयाची गोळी चालू आहे." तो ओशाळून हसला. "फुकटचीही पीत नाही. म्हटलं, मी शुद्धीत आहे, नीट उतरून जाईन. लोथार माझा मेहुणा. मी एगॉन."

ती त्याच्या दंडाला धरून तिथेच बर्फात उभी राहिली. पिणाऱ्यांसाठी तिने भाव केला होता, श्रीमंतांसाठी फुकट केलं होतं. न पिणारा माणूस तिच्या कुठल्याच हिशेबात नव्हता.

विन्सेंझने नोकरांसाठी राखलेला पाळणा त्यांच्यासाठी थांबवून धरला. इल्काने झेन्झीचे बूट हातात आणले. तिघं बसली. पाळणा निघाला तशी झेन्झीने फोनवर सांगितलं, "आता मोकळा."

"बरं," कास्सियान म्हणाला. मग रोजच्यापेक्षा एक वाक्य जास्त. "मोजे ओले झाले असतील, बदल."

"तुला कुणी सांगितलं?"

"वर कडेला दिसलीस ना, यंत्राच्या दिव्यात."

खाली छपरावर यंत्राचा दिवा सरकला आणि त्या उजेडात क्षणभर दोर चमकला, ताठ, कमरेच्या वर. एगॉनने काचेला नाक लावलं.

"किती जाड असतो तो?" त्याने विचारलं.

झेन्झीने करंगळी दाखवली.

"मी दुपारीच म्हणत होतो," तो हळूच म्हणाला, "सूपचा भाव रंगाने का लिहिलाय. पैशाची हाव असती तर सूपही चढलं असतं. आम्ही जावं असंच तुमच्या मनात होतं ना?"

"चार वर्षांत हे विचारणारा तू पहिला," झेन्झी म्हणाली. धोका टळला होता, आता 'तू' म्हणायला हरकत नव्हती. "एवढं कळलं होतं, तर चकती का नाही उचललीस, गाढवा?"

इल्का खिडकीकडे तोंड करून हसू लागली. एगॉनही हसला, मग त्याने चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिला.

खाली काउंटरवर लोथार आणि मंडळी गात होती. एगॉनला नणंदेने सूप दिलं, पैसे घेतले नाहीत.

शर्यतीच्या दिवशी छप्पर चादरीसारखं गुळगुळीत होतं. कास्सियान दहाला उठून आईकडे कॉफी प्यायला वर आला, तेव्हा ती स्टुलावर चढून फळ्याच्या तळाशी सूपच्या खाली रंगाने काहीतरी लिहीत होती. तिचे 'न' आणि 'त' नेहमीच सारखे येतात, म्हणून त्याला जवळ जाऊन वाचावं लागलं.

न पिणाऱ्यांनीही चकती न्यावी. खाली सूप फुकट.

"आई, आत्याला विचारलंस का?"

"ती ओरडेल," झेन्झी म्हणाली. "तू स्टूल धर."